गिंबल घेतला आणि चालायला शिकले

माझं चालणं हा आमच्या घरातला जुना विषय आहे. लहानपणी मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले की आई म्हणायची, "अगं, जमिनीनं तुझं काय वाकडं केलंय?" अंगानं मी काही दांडगी नाही. पण टाच अशी आपटते की फडताळातल्या कपबशा एकमेकींशी बोलायला लागतात. लपाछपीत माझ्यावर राज्य आलं की बाकीच्यांना धड लपायचीही गरज नसे. मी कुठून येतेय ते त्यांना ऐकू यायचं, ते निवांत दुसरीकडे सरकायचे.

लग्न झालं ते कवळ्या करणाऱ्या माणसाशी. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या तोंडाची मापं पाठवतात आणि हे मागच्या खोलीत बसून त्यावरून दात घडवतात. मापात प्लास्टर ओतलं की त्यातले हवेचे बुडबुडे निघून जावेत म्हणून ते थरथरवावं लागतं. त्यासाठी त्यांच्याकडे एक छोटं यंत्र आहे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी पाहुण्यांसमोर सांगितलं, "ते यंत्र आता धूळ खात पडलंय. ही शेजारून एकदा पाणी प्यायला गेली की काम होतं." पाहुणे हसले. मीही हसले, आणि मग चिडून पाय आपटत आत गेले. आतून त्यांचा आवाज ऐकू आला, "बघा, अजून एक बॅच झाली."

अशा बाईनं चालत चालत चित्रीकरण करायचा धंदा का पत्करावा, असं कुणीही विचारेल. मी तो ठरवून पत्करला नाही. मी एका फर्निचरच्या दुकानात होते. बिलं करायची, फोन घ्यायचे, आणि हळूहळू मालाचे फोटो काढणंही माझ्याच गळ्यात पडलं. सोफे, कपाटं, पलंग. हे काम मला फार मानवलं. सोफा हलत नाही, कॅमेरा ट्रायपॉडवर, आणि मी एका जागी उभी. दुकान बंद झालं तेव्हा मालकांनी तो कॅमेरा मला स्वस्तात दिला. मिररलेस कॅमेरा, म्हणजे आत आरसा नसलेला, त्यामुळे आकारानं लहान आणि हातात मावणारा. रिकामे हात आणि हातात कॅमेरा, एवढ्या भांडवलावर मी घरी बसले होते, तेव्हा चावीवाल्यांचा फोन आला.

चावीवाले म्हणजे घरं विकून देणारे एक दलाल. त्यांच्या कमरेला चाव्यांचा एवढा जुडगा असतो की ते उठून उभे राहताना आधी पँट सावरतात आणि मग नमस्कार करतात. त्यांना विकाऊ घरांचे फोटो हवे होते. मी काढून दिले. सोफ्यांची सवय असल्यामुळे माझ्या फोटोंत सोफे फारच छान यायचे, घर मागे कुठेतरी असायचं. तरी त्यांनी चालवून घेतलं. मग एके दिवशी म्हणाले, "ताई, फोटोत घर कळत नाही लोकांना. कुठल्या खोलीतून कुठे जायचं ते समजत नाही. तुम्ही दारातून आत शिरा आणि चालत चालत सगळं घर दाखवा."

"त्यात काय," मी म्हटलं.

"त्यात काय" हे दोन शब्द मी आयुष्यात जिथे जिथे उच्चारले, तिथे तिथे तोंडावर पडले आहे.

पहिल्या घराचा व्हिडिओ काढून मी चावीवाल्यांच्या ऑफिसात गेले. त्यांनी तो टेबलावरच्या स्क्रीनवर लावला. दार आलं. मग दाराला उचक्या लागल्या. दिवाणखाना उड्या मारत आमच्या अंगावर आला, स्वयंपाकघर उजवीकडे कललं, ओट्यावरचे डबे धडधडले. चावीवाल्यांनी मध्येच तो थांबवला, पाण्याचा घोट घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

"काय झालं, भाऊ?"

"काही नाही. मला गाडी लागते ना, तसं झालं."

घरी येऊन मी तो ह्यांना दाखवला. त्यांनी शांतपणे शेवटपर्यंत बघितला आणि विचारलं, "हे घर पाडायच्या आधी काढलंस की पाडत असताना?"

त्या दिवशी मला कळलं की गिंबल नावाची एक वस्तू असते. एक मूठ, त्यावर तीन वाकडे हात, प्रत्येक हाताच्या सांध्यात एक छोटी मोटर. वर कॅमेरा बसवायचा. आपला हात कसाही हलला, कलला, वळला तरी त्या मोटरी उलट बाजूला फिरून कॅमेरा जागच्या जागी ठेवतात. म्हणजे दोष माझ्यात असला तरी चालेल, तो निस्तरणारा दुसरा कुणीतरी बाजारात मिळतो. मला ही कल्पना फार आवडली. आजवर हे काम फक्त नवऱ्याकडे होतं.

आता माझा दुसरा गुण सांगायला हवा. मी कुठलीही वस्तू घेताना इतका अभ्यास करते की घेईपर्यंत ती जुनी होते. इस्त्री घेताना मी इतकं वाचलं होतं की तेवढ्या काळात आम्ही चुरगळलेल्या कपड्यांत दोन लग्नं उरकली. गिंबलसाठी तर मी कंबरच कसली. रोज जेवणं झाली की मी व्हिडिओ लावून बसायची. गिंबल कसा निवडावा हे सांगणाऱ्या माणसांची एक वेगळीच जात आहे. सगळे तरणेबांड, सगळे सूर्य मावळताना समुद्रकाठी चालतात, आणि सगळ्यांच्या पुढे एक मुलगी मागे वळून वळून हसत पळत असते. त्यातला एकही माणूस स्वयंपाकघरातून बाथरूमकडे जाताना मला दिसला नाही, आणि माझा तर सगळा प्रवास तेवढाच होता.

पण मी भारावले. मोटरची ताकद, बॅटरी किती तास, किती किलोचा कॅमेरा पेलतो, कुठल्या बटणानं काय होतं, सगळं पाठ झालं. भाजी चिरता चिरता मी ह्यांना सांगायची, "हा साडेचार किलो पेलतो."

"तुझा कॅमेरा केवढा आहे?"

"लेन्ससकट एक किलोसुद्धा नाही. पण उद्या मोठी लेन्स घेतली तर?"

"घेणार आहेस?"

"नाही. पण घेतली तर?"

ते त्यांच्या धंद्याला शोभेल असं बोलले. म्हणाले, "माझ्याकडे कुणी असं म्हणत नाही की कवळी जरा मोठी करा, उद्या तोंड वाढलं तर असू दे." मी त्यांना म्हटलं की तुम्हाला यातलं काही कळत नाही. हे वाक्य मी "त्यात काय"च्या खालोखाल वापरते.

दुकानात गेले तेव्हा कॅमेरा मुद्दाम घरी ठेवला, उगाच ओरखडा नको म्हणून. पायात चपला न घालता चपलांच्या दुकानात गेलं तरी निदान पाय बरोबर असतात. मी पायच घरी ठेवून गेले होते. दुकानदार भला माणूस होता. मी जे म्हणेन त्याला तो "बरोबर आहे" म्हणायचा. मी म्हटलं जड आहे म्हणजे दणकट असणार. बरोबर आहे. मोठ्या कामाला मोठाच हवा. बरोबर आहे. माझ्या इतक्या दिवसांच्या अभ्यासाला कुणीतरी मान दिला याचा मला एवढा आनंद झाला, की मी दुकानातला सगळ्यात मोठा गिंबल घेतला. तो एका पेटीत होता. पेटीला मूठ होती. बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, "वाद्य वाजवता का?" मी हो म्हटलं. खरं सांगायला लागले असते तर दोन थांबे पुढे गेले असते.

घरी तो जेवणाच्या टेबलावर उभा केला आणि कॅमेरा चढवला. इथे कळलं की गिंबल चालू करायच्या आधी कॅमेऱ्याचा तोल साधावा लागतो. तीनही हात पुढे-मागे सरकवून कॅमेरा असा बसवायचा, की कुठल्याही बाजूला सोडला तरी तो आहे तिथेच राहील. नाही राहिला तर मोटरींना सतत त्याला ओढत धरावं लागतं आणि त्या कुरकुरतात. माझा कॅमेरा त्या एवढ्या मोठ्या यंत्रावर हत्तीच्या पाठीवर बसलेल्या चिमणीसारखा दिसत होता. मी पट्टी पुढे सरकवली, त्यानं मान खाली घातली. मागे सरकवली, तो आढ्याकडे बघायला लागला. थोडी उजवीकडे घेतली, तर तो रुसल्यासारखा भिंतीकडे तोंड करून बसला. जेवणाची वेळ टळून गेली. हे ताट घेऊन मागच्या खोलीत गेले. शेवटी कसाबसा तोल साधला, बटण दाबलं, आणि सगळं यंत्र थडथडा कापायला लागलं. मी घाबरून मागे झाले. हे दारातून म्हणाले, "त्याच्या त्या कड्या उघडल्यास का?" मोटरी प्रवासात हलू नयेत म्हणून प्रत्येक सांध्याला कड्या असतात, साधलेला तोल बिघडू नये म्हणून त्या मी पुन्हा लावून टाकल्या होत्या. बिचारा बांधलेल्या हातापायांनी चालायला बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी चावीवाल्यांबरोबर एका रिकाम्या फ्लॅटमध्ये गेले. यंत्र दोन्ही हातांनी छातीशी धरलं. कॅमेऱ्याच्या मागे जी मोटर होती ती नेमकी त्याच्या स्क्रीनसमोर येत होती, त्यामुळे काय दिसतंय ते मला दिसत नव्हतं. पण चित्र स्थिर आहे एवढी खात्री होती. मी दारातून शिरले, सगळ्या खोल्या फिरले, बाल्कनीत जाऊन आले. दिवाणखान्यापर्यंत हात ठीक होते. बेडरूममध्ये मनगट बोलायला लागलं. स्वयंपाकघरात खांदा बोलला. शेवटी मी पोटाचा आधार घेतला. बाहेर आले तेव्हा घामानं निथळत होते, पण चेहऱ्यावर समुद्रकाठच्या त्या तरुणांसारखं हसू होतं.

ऑफिसात स्क्रीनवर लावलं. पंखा दिसला. छान, स्थिर पंखा. मग दुसरा पंखा. मग एक ट्यूबलाइट. मग आणखी एक पंखा, जाळ्यांसकट. मुठीवर एक छोटी काडी असते, ती दाबली की कॅमेरा वर-खाली होतो. माझा अंगठा सुरुवातीपासून त्या काडीवर होता.

चावीवाल्यांनी सगळा व्हिडिओ बघितला. शेवटी हळू आवाजात म्हणाले, "ताई, यावेळी गाडी नाही लागली. पण आपल्याला पंखे विकायचे नाहीत."

मी तो गिंबल परत केला. दुकानदारानं थोडे पैसे कापून घेतले. किती ते मी घरी सांगितलं नाही आणि ह्यांनी विचारलं नाही. या विषयावर आमचा संसार असाच चालतो. मात्र यावेळी मी कॅमेरा घेऊन गेले होते, आणि ह्यांनाही. ते स्टुलावर बसून दुसऱ्या गिऱ्हाइकाचे दात न्याहाळत होते. मी दुकानदाराला म्हटलं, "मला हे वापरून बघायचंय. दुकानाबाहेर, फुटपाथवर."

"बरोबर आहे," तो म्हणाला.

मग मी एकेक गिंबल घेऊन फुटपाथवर चालले. एकावर कॅमेरा नीट बसला, पण स्क्रीन बाजूला उघडली की ती त्याच्या हाताला अडत होती. दुसरा इतका हलका होता की मला आनंदानं रडू आलं, पण माझी लेन्स पुढे आली की त्याचा तोल जायचा आणि मोटर डासासारखी गुणगुणायची. तो आवाज व्हिडिओत आला असता तर घरात डास आहेत असं लोकांना वाटलं असतं. तिसऱ्याची मागची मोटर खालच्या बाजूला होती, त्यामुळे स्क्रीन दिसत होती. कड्या सहज लागत होत्या. आणि तो हातात धरून मी कोपऱ्यापर्यंत जाऊन आले तरी खांदा काही बोलला नाही. पेलायची ताकद पहिल्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. कागदावर बघितला असता तर मी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं. ह्यांना विचारलं, "हा घेऊ?"

"तुझ्या तोंडाला बसतोय," ते म्हणाले. मी तो घेतला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण त्याच आठवड्यात चावीवाल्यांनी माझा नवा व्हिडिओ बघितला आणि त्यांचा चेहरा पुन्हा खिडकीकडे वळला. आता काही कलत नव्हतं, काही थरथरत नव्हतं. पण सगळं घर संथपणे वर जात होतं आणि खाली येत होतं. वर, खाली. माझ्या प्रत्येक पावलागणिक.

"आधी खडकाळ रस्ता होता," ते म्हणाले, "आता होडी आहे."

मी पुन्हा ते समुद्रकाठचे व्हिडिओ उघडले. त्यातला प्रत्येक जण पहिल्या दिवसापासून सांगत होता की गिंबल कलणं, झुकणं, वळणं सावरतो, पण माणूस चालताना वर-खाली होतो त्याला गिंबलकडे इलाज नाही. त्यासाठी गुडघे किंचित वाकवून, पाऊल अलगद टाकून चालायला शिकावं लागतं. हा भाग आला की मी दर वेळी व्हिडिओ पुढे ढकलत होते, कारण मला मोटरची ताकद ऐकायची असायची. म्हणजे आईनं फुकट सांगितलेलं मी ऐकलं नाही, आणि आता तेच ऐकायला एवढं यंत्र विकत घेतलं.

मग वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी चालायला शिकले. सकाळी घरातली कामं उरकली की स्वयंपाकघरापासून ह्यांच्या खोलीपर्यंत, गुडघे वाकवून, टाच आधी टेकवून मग हळूच पंजा, हातात गिंबल. आरशात बघितलं तर कुणाचे तरी दागिने चोरून निघाल्यासारखी दिसत होते. मांड्या भरून आल्या. खुर्चीत बसताना मी "आई गं" म्हणायची आणि उठताना ह्यांना हाक मारायची. हे एकदा कामातून मान वर करून म्हणाले, "कधी आलीस?" मी तीन वेळा येऊन गेले होते. मग त्यांनी फडताळातून ते थरथरणारं यंत्र काढलं, पुसलं आणि चालू केलं. "नाइलाज आहे," ते म्हणाले.

त्याच दिवसांत खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. काकू निवृत्त नर्स. गेली कित्येक वर्षं त्या माझ्या चालण्याला कंटाळून झाडूच्या दांड्यानं त्यांचं छत ठोकत आल्या आहेत. मी दार उघडलं तर त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि हात माझ्या कपाळावर ठेवला.

"बरी आहेस ना?"

"हो, काकू. का?"

"आवाज नाही तुझा. काल नाही, परवा नाही. म्हटलं आजारी पडलीस की काय. की भांडून माहेरी गेलीस."

मी त्यांना आत बसवून सगळं सांगितलं. गिंबल दाखवला, चालूनही दाखवलं. त्यांनी ते नर्सच्या नजरेनं बघितलं. "गुडघे जपून हो," म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. "पण माझी अडचण झालीय. तू दुपारी चहाला उठतेस ना, त्या आवाजावर मी रक्तदाबाची गोळी घेते. काल राहिली."

"मग मी खाली येऊन सांगत जाऊ का?"

"कशाला उगीच जिने? तेवढं एकदा चहाला जाताना आपलं नेहमीसारखं चाल."

तेव्हापासून मी दिवसभर मांजरीसारखी चालते आणि दुपारी एकदा औषधासारखी धडधडत जाते.

यानंतरचं पहिलं काम एका पोहायला शिकवणाऱ्या बाईंच्या घराचं होतं. तलावाकाठी उभं राहून जन्म गेल्यामुळे त्या घरातही मोठ्यानंच बोलायच्या. "या दारातून या," "इथे वळा," "आता सावकाश," असं त्या मला सांगत होत्या, आणि त्यांच्या हुकमावर मी खरंच छान चालले. दिवाणखाना पाण्यावरून सरकल्यासारखा उलगडला. स्वयंपाकघर आलं, बेडरूम आली, छताच्या कोपऱ्यातला एक पिवळट ओला डागही आला, अगदी स्पष्ट, किनारीसकट. चावीवाल्यांनी व्हिडिओ बघितला, पूर्ण बघितला, पाणी न पिता बघितला. "ताई, जिंकलंत," म्हणाले. मी घरी येऊन ह्यांना ते शब्द तीन वेळा सांगितले.

पंधरवड्यानं त्यांचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"ताई, घर बघायला कुणी येत नाही."

"का?"

"सगळं दिसतंय ना. पूर्वी तुमच्या व्हिडिओत काय आहे ते कळायचं नाही, म्हणून माणसं बघायला यायची. आता घरबसल्या बघतात, डाग बघतात, गप्प बसतात." मग अजीजीनं म्हणाले, "एक विचारू का? त्या डागाच्या कोपऱ्यात जरा हलवता येईल का? पूर्वीसारखं?"

खरं तर मला अपमान वाटायला हवा होता. एवढी मेहनत करून मी चालायला शिकले आणि हे म्हणतात पूर्वीसारखं. पण माणूस मोठा लबाड. घर विकलं गेलं नाही तर पुढचं काम मिळणार नाही, हा विचार माझ्या मनात अपमानाच्या आधी आला. मी निमूटपणे परत गेले. बाई पोहायला शिकवायला गेल्या होत्या, घरात मी एकटीच. त्या कोपऱ्यापाशी आले आणि हात हलवला. चित्र हललं नाही. जोरात हलवला. गिंबलनं तेही सावरलं. मी मूठ डावीकडे झटकली, उजवीकडे झटकली, पाय आपटले, जुन्या पद्धतीनं खणखणीत आपटले. स्क्रीनवर तो डाग थोडा वर-खाली झाला आणि पुन्हा येऊन मधोमध बसला, आणखीच उठून दिसायला लागला. मला मोहात पडता येतं, गिंबलला येत नाही, एवढाच आमच्यातला फरक. मी दमून पलंगावर बसले आणि चावीवाल्यांना फोन केला. "भाऊ, हलत नाही."

"म्हणजे बिघडला?"

"नाही हो. नीट चालतोय."

शेवटी आधीचा स्थिर व्हिडिओच ठेवला, डागासकट. नंतर त्याच्याखाली चावीवाल्यांनी बाईंना विचारून एक ओळ लिहिली, की वरच्या मजल्यावरची गळकी नळी बदलून झाली आहे, रंग द्यायचा राहिला आहे. मग एक जोडपं आलं, तेव्हा मीही तिथे होते. दारातून शिरल्यावर नवऱ्यानं घर बघितलंच नाही, सरळ त्या कोपऱ्याखाली जाऊन उभा राहिला, खुर्चीवर चढून डागाला हात लावला आणि बायकोला म्हणाला, "कोरडा आहे." बायको मात्र सगळ्या खोल्यांतून पटपट फिरली, आधी येऊन गेल्यासारखी. स्विच कुठे आहेत ते तिला माहीत होतं. "आम्ही बारा घरं बघितली," ती मला म्हणाली. "सगळ्या व्हिडिओत चकाचक, आणि जाऊन बघावं तर भलतंच. इथे निदान जे बघितलं ते आहे." त्यांनी ते घर घेतलं. रंगाचे पैसे कमी करून घेतले, ते वेगळं.

चावीवाल्यांना या प्रकारातला फायदा उशिरा कळला. आधी एका घरासाठी ते उगाच आलेल्या माणसांना घेऊन दिवसभर जिने चढायचे, आता येणारी माणसं थोडी आणि ठरवून येणारी. त्यांनी जुडग्यातल्या निम्म्या चाव्या ऑफिसात ठेवायला सुरुवात केली. मला मात्र त्यांनी कधी मोकळ्या मनानं शाबासकी दिली नाही. "ताई, ते डाग तेवढे जरा लांबून घेत चला," असं अजूनही म्हणतात.

परवा त्यांनी मला दुमजली घर दिलं. आत गोल वळणाचा लाकडी जिना, आणि मालकांची इच्छा अशी, की कॅमेरा वरून खाली उतरताना जिन्याचा कठडा समोर दिसत राहावा. म्हणजे मला उलटं उतरायचं होतं, पाठीमागे न बघता, गुडघे वाकवून. सपाट जमिनीवर चालायला मला एवढे दिवस लागले होते. जिन्यावर उलटं उतरायला मी या जन्मी शिकेन असं वाटत नव्हतं. "त्यात काय" असं मी या वेळी म्हटलं नाही. मी ह्यांना फोन केला.

ते हातावर प्लास्टरचे पांढरे ठिपके घेऊन तसेच आले. त्यांनी माझ्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि माझ्या मागे एक पायरी खाली उभे राहिले. मी वर कॅमेऱ्यात बघत, ते खाली पायांकडे बघत, असे आम्ही उतरायला लागलो. ते हळू आवाजात सांगत होते, "पायरी... पायरी... इथे अरुंद आहे, डावा पाय... पायरी... थांब, श्वास घे... पायरी..." चावीवाले खाली तोंडावर हात ठेवून उभे होते. मध्ये एकदा माझा पाय लटपटला आणि मी अख्खी त्यांच्या अंगावर रेलले. त्यांच्या तोंडून एक हुंकार निघाला, पण पट्टा सुटला नाही. कठडा माझ्या स्क्रीनवर संथपणे फिरत राहिला.

"आता सपाट," ते म्हणाले, आणि मी जमिनीवर टेकले.

घरी जाऊन व्हिडिओ लावला. जिना सुरेख उतरला होता. फक्त मागे पहिल्यापासून शेवटपर्यंत एक पुरुषी आवाज "पायरी, पायरी" असं पुटपुटत होता. मी म्हटलं, मालकांना देताना आवाज काढून टाकते. हे वॉश बेसिनपाशी हातावरचं वाळलेलं प्लास्टर खरवडत होते.

"काढ किंवा ठेव," ते म्हणाले. "पण पुढच्या वेळी लिफ्टचं घर घे. दोन कवळ्या खोळंबल्यात माझ्या."